ओळखा कुठे आहे

तीन किल्ले बघायचं ठरलं होतं: कंधार, उदगीर आणि औसा. दोन माणसं, तीन दिवस आणि माधवरावांची जुनी गाडी. त्यातला औसा राहिला. तो का राहिला हे सांगायलाच मी लिहायला बसलोय. तेव्हा ज्यांना बुरुज, दरवाजे आणि तोफांची वर्णनं हवी आहेत त्यांच्या पदरात जरा कमीच पडेल. त्यांनी रागावू नये.

आधी माझ्याबद्दल सांगतो. नांदेडच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता निवृत्त आहे. नाद मात्र लढायांचा. नदीला कुठे उतार आहे, खिंड किती रुंद आहे, दाणावैरण कुठल्या वाटेनं यायची, हे कळलं की जुनी लढाई डोळ्यांपुढे उभी राहते. घरी जेवताना मी लोणच्याची बरणी, मिठाचं भांडं आणि वाट्या मांडून सैन्य उभं करायचो. बायको आमटी वाढायला आली की माझी डावी फळी उचलून बाजूला ठेवायची. बोलताना मला एक खोड आहे. दर दोन वाक्यांनंतर मी 'लक्षात येतंय का?' असं म्हणतो. पस्तीस वर्षांत शाळेतल्या प्रत्येक तुकडीनं माझी ही नक्कल केली असेल.

माधवराव माझे शेजारी. पाटबंधारे खात्यात होते, विष्णुपुरीच्या धरणावर त्यांची बरीच नोकरी गेली. त्यांनाही हाच नाद, फक्त ते जास्त गरम डोक्याचे. आम्ही अकरा जणांनी मिळून मोबाईलवर 'बुरुज' नावाचा एक गट केलाय. एरवी त्यावर किल्ल्यांचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. पण यंदाच्या मे महिन्यात सीमेवर तापलं आणि आमचा गट रातोरात युद्धखातं झाला. जो तो नकाशे टाकू लागला. रोज बीपीची गोळी घेणारी माणसं एकमेकांना 'आता माघार नको' असं लिहू लागली. त्यात मीही होतो.

त्याच दिवसांत बालाजीचा फोटो आला.

बालाजी माझा विद्यार्थी. मूळ गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात, पण शिकायला नांदेडला मामाकडे होता. पाच वर्षांपूर्वी फौजेत गेला. वर्गात मी एक खेळ घ्यायचो. एखादं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, ओळखा कुठे आहे. सावली बघा, झाडं डोंगराच्या कुठल्या अंगाला आहेत ते बघा, घरांची छपरं बघा. बालाजी त्यात पहिला यायचा. फौजेत गेल्यावरही त्यानं खेळ सोडला नाही. वर्षातून दोनतीनदा फोटो यायचा, खाली लिहिलेलं असायचं, 'सर, ओळखा कुठे आहे.' या वेळच्या फोटोत तीन पोरं चहाचे मग घेऊन उभी होती. मागे लोखंडी पूल, त्यामागे डोंगर. फोटो सगळं पेटायच्या दोन दिवस आधीचा होता, मी तो बघितला मात्र नंतर.

मी ओळखलं. एकाच्या मनगटावरच्या घड्याळात वेळ दिसत होती, त्यावरून सावलीची दिशा काढली. दिशेवरून डोंगराची बाजू काढली, नकाशा उघडला आणि तासाभरात पूल सापडला. इतका आनंद मला निवृत्तीनंतर कशानंच झाला नव्हता. तो पोटात मावेना. मी 'बुरुज'वर फोटो टाकला आणि चार मिनिटांचं बोलून पाठवलं. आपली पोरं कुठल्या पुलापाशी आहेत, का असावीत आणि इथून पुढे कुठे सरकतील, सगळं सांगितलं. टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

सकाळी मी बालाजीला लिहिलं, 'ओळखलं रे.' त्यापुढे एकच टिक आली. म्हणजे निरोप गेला, पण पोचला नाही. मग मी फोन करून बघितला तर तो बंद.

कंधार

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सहल महिनाभर आधी ठरली होती आणि रद्द करावं असं दोघांनाही वाटलं नाही. गाडीत माधवराव सुरू झाले, "एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावून टाकायला पाहिजे. किती दिवस सहन करायचं?" मी हो ला हो करत होतो, पण मांडीवर मोबाईल होता आणि दर पाच मिनिटांनी मी ती टिक बघत होतो. एकची दोन होत नव्हती.

कंधारचा किल्ला सपाटीवर आहे. डोंगर चढायचा नाही, त्यामुळे आमच्या वयाला बरा. भोवती खंदक, खंदकात उन्हाळ्यातही हिरवट पाणी. एका दरवाजातून आत जावं तर समोर भिंत, वळावं तर दुसरा दरवाजा. शत्रूला सरळ येता येऊ नये म्हणून सगळी वाट वाकडी केलेली. एरवी मी इथे तासभर बोललो असतो. त्या दिवशी माधवरावांनीच विचारलं, "का हो, आज गप्प?" मी म्हटलं, ऊन लागलंय. खरं तर मला त्या खंदकाचं हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. इतक्या लोकांनी इतकी वर्षं दगड वाहून वाट लपवली, आणि मी चार मिनिटांत वाट सांगून मोकळा झालो होतो.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा प्रकार आमच्याकडेही होतो, पण कंधारला त्यात दाण्याचा कूट भरपूर आणि मिरची सढळ. भिंतीवर टीव्ही चालू होता. पडद्यावर चार माणसं एकदम ओरडत होती आणि अचानक सायरन वाजला. टीव्हीवाल्यांनीच तो बातमीत वाजवला होता. पण आतून आचारी झारा घेऊन धावत बाहेर आला, भज्यांचं तेल ठिबकत होतं, आणि एका बाईनं कडेवरचं मूल टेबलाखाली घेतलं. सीमेपासून इतक्या लांब, कंधारात. सायरन थांबल्यावर सगळे एकमेकांकडे बघून कसनुसं हसले. 

हॉटेलमालक गल्ल्यावरून म्हणाला, "भिऊ नका. आपली तयारी लई जबरी हाय. हे ऐका." त्यानं मोबाईल उंच धरला.

"मित्रहो, हा पूल नीट बघा," मोबाईल म्हणाला. "याच्या अल्याड आपली पोरं आहेत. लक्षात येतंय का?"

तो माझाच आवाज होता. घसा साफ करण्यासकट.

"कोण आहेत हे?" मी विचारलं, शक्य तितकं बारीक आवाजात.

"रिटायर कर्नल साब हायेत म्हणे. लई जानकार माणूस. आमच्या साडूच्या ग्रुपवर आलंय."

चहा आला. मी "साखर कमी, लक्षात..." इथपर्यंत बोललो आणि जीभ चावली. पुढचं चहाबरोबर गिळलं. चहा उकळता होता, टाळू पोळली. शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. सहज बघत असेल, पण मला तसं वाटलं नाही. त्यानंतर दिवसभर मी परक्या माणसांसमोर तोंड उघडलं नाही. काय हवं ते माधवरावांना कानात सांगायचो आणि ते मोठ्यानं मागायचे. लोकांना वाटलं असेल, बिचाऱ्याचा घसा बसलाय.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आपल्या अकरा जणांतून हे बाहेर कुणी नेलं?"

माधवराव म्हणाले, "आजकाल काय, हवेसारखं पसरतं," आणि पुढच्या ट्रकला उगाच हॉर्न दिला.

उदगीर

जळकोटवरून उदगीरला गेलो. दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून-मोगडून पडलेली, मधूनच एखादं आंब्याचं झाड, त्याखाली बसलेली गुरं. लग्नांचे दिवस होते. एका गावात वरात आडवी आली. बँड जोरात होता, पण फटाके कुणी उडवत नव्हतं. नवऱ्याच्या मामानं काचेपाशी येऊन पेढे दिले आणि म्हणाला, "फटाके आनले होते, पर मानसं दचकून राहिलीत. ऱ्हाऊ दिले." मला तो माणूस आमच्या अख्ख्या गटापेक्षा शहाणा वाटला.

उदगीरच्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच दुकानात एकाच गिऱ्हाइकाशी बोलल्या जातात. चौकात एक मोठा फलक होता. त्यावर गावचे कुणी पुढारी फौजी टोपी घालून उभे, डोक्यावरून लढाऊ विमानं चाललेली, आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. माधवराव म्हणाले, "यातल्या एकाचा तरी पोरगा फौजेत असेल का?" ते सहज बोलले, पण मला ते लागलं. कारण माझाही नाही. बारावीला असताना माझा मुलगा एनडीएचा फॉर्म घेऊन आला होता. मी तो 'वाचून बघतो' म्हणून माझ्या लढायांच्या वहीत ठेवला आणि तारीख उलटून जाऊ दिली. आज तो पुण्यात गार हवेच्या ऑफिसात बसतो. बालाजीला मात्र मी भरतीच्या धावण्यासाठी स्वतःच्या पैशानं बूट घेऊन दिले होते आणि ते सगळ्यांना सांगत फिरलो होतो. या दोन गोष्टी मी तोपर्यंत कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात गेलो. इथली लढाई मला तोंडपाठ आहे. मराठी फौजेनं इथे निजामाला नमवलं आणि तीच फौज वर्षाच्या आत पानिपतावर जाऊन संपली. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो. उदगीरचा विजय सांगताना आवाज चढवायचा, मग थांबायचं, मग हळू आवाजात पानिपत. मुलं गप्प व्हायची आणि मला बरं वाटायचं. त्या सकाळी बुरुजावर उभा राहिलो तर आवाज चढवायला काही सापडेना. इथे जिंकल्याची खबर ज्या घरी पोचली तिथे गोडधोड झालं असेल. त्यानंतर पुढची खबर यायला किती दिवस लागले, आणि तोवर त्या घरातली माणसं काय करत होती, हे माझ्या एकाही वहीत लिहिलेलं नाही. मी कायम नकाशा बघणाऱ्याच्या बाजूला उभा होतो.

खाली उतरल्यावर माधवरावांच्या चार्जरची वायर घ्यायला एका मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवत होता. "हे बगा, हेच ते लोकेशन. कर्नल साबनी सांगितलेलं." मी वाकून बघितलं. बालाजीचाच फोटो होता. लोखंडी पुलाभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता, बाण मारले होते आणि वर माझं बोलणं टाईप केलं होतं. पोरांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. मधला बालाजी हसत होता. चहाचा मग त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, गरम असेल.

 मी दुकानाच्या पायरीवरच बसलो.  कंधारला मला स्वतःपुरती भीती वाटली होती, कुणी ओळखेल याची. इथे ती भीती कुठल्या कुठे गेली. हा फोटो जर उदगीरच्या दुकानात पोचला तर तो पलीकडे पोचायला काय हरकत होती? आणि बालाजीचा फोन तीन दिवस बंद होता.

माधवरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग ते शेजारी बसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "सर, मी टाकलं होतं. मेहुण्याच्या ग्रुपवर. म्हटलं, आमच्या सरांचं डोकं बघा. निवृत्त सर असंच लिहिलं होतं मी, कर्नल कुणी केलं माहीत नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी जे केलं तेच मी आधी केलं होतं, तेही त्याच कारणासाठी.

"औसा राहू द्या," मी म्हटलं. "बालाजीच्या गावाला चला."

"तिथे जाऊन सांगायचं काय?"

"ते माहीत नाही. पण त्यांना फोन आला का, एवढं तरी कळेल."

बालाजीचं गाव

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं तासाभरात पोचलो. वाटेत निलंगा राईसचा गाडा दिसला. एरवी मी तो मसालेभात सोडून पुढे गेलो नसतो. त्या दिवशी दोघांपैकी कुणी गाडी थांबवा म्हटलं नाही.

पत्र्याचं नवं घर, पुढे शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर. बालाजीचे वडील ज्ञानोबाराव आढीत पिकायला घातलेले आंबे उलटून बघत होते. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. "अगं, बालाजीचे सर हायेत," त्यांनी आत आवाज दिला. "या, या. किती वर्षं नाव ऐकतोय, आज पाय लागले." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. वाईट बातमी आलेल्या घरात आंबे उलटत नाहीत, असं मी मनाशी म्हणत होतो.

"बालाजीचा फोन?" मी विचारलं.

"पाच दिस झाले, न्हाई," ते म्हणाले. "तेच बगून राहिलोय."

मी धीर द्यायला काहीतरी बोललो. "डोंगराळ भाग असतो हो. रेंज नसते. त्यातून अशा दिवसांत फोन बंदच ठेवतात, लक्षात येतंय का?"

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. बालाजीची आई दारात आली. हाताला पीठ होतं. "परत बोला," त्या म्हणाल्या.

मी ज्ञानोबारावांकडे बघितलं.

"तो आवाज तुमचा हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं पाठविलेला. तुम्हीच हाव ना?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता बोलतील आणि बोलल्या तर बरं होईल. पण त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "लई उपकार झाले सर. पाच वर्षं झाली, त्यानं कधी सांगितलं न्हाई कुठं हाय. आई, कुठं ते इचारू नको म्हणतो. मी न्हाई इचारत. जेवला का, एवढंच इचारते. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं मला, माझं लेकरू पुलापाशी हाय."

खिडकीच्या चौकटीवर मोबाईल ठेवला होता. घरात रेंज तिथेच येते. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा त्या माझा आवाज ऐकत होत्या. त्यांना तो पाठ झाला होता. डोंगर डाव्या हाताला, ऊन पाठीवर. मी काय काय बोललो ते त्यांनीच मला म्हणून दाखवलं. माधवराव उंबऱ्याबाहेर चपला नीट लावत उभे होते, त्या आधीच नीट होत्या.

आमच्या घरी पुण्याहून मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठे आहेस? ऑफिसात, रस्त्यावर की घरी. उत्तर आलं की बरं वाटतं आणि नाही आलं तरी चालतं. या घरात तो प्रश्न पाच वर्षं कुणी विचारला नव्हता, आणि मी त्याचं उत्तर गावभर वाटून आलो होतो.

मी आधी ज्ञानोबारावांना शेडमध्ये नेऊन सगळं सांगितलं. फोटो, खेळ, गट आणि उदगीरचं दुकान. ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे तो आवाज तिनं आता ऐकू ने." मग चाकावरची माती खरवडत म्हणाले, "माझ्याच्यानं सांगवायचं न्हाई. तुम्हीच सांगा."

पस्तीस वर्षं मी अवघड गोष्टी सोप्या करून सांगत आलो. ही मात्र सोपी होईना. "ताई," मी म्हटलं, "ते मी बोलायला नको होतं. तुम्हाला जसं कळलं तसं दुसऱ्यालाही कळतं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे तिकडची मानसं बी तुमचंच ऐकून राहिली असतील?"

"असतील," मी म्हटलं.

त्या रडल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. चेहऱ्यावरचं काहीतरी बारीक झालं. खिडकीतून मोबाईल आणून त्यांनी माझ्या हातात दिला. "पुसून टाका." मी बोट ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, "एक डाव ऐकू का?"

नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. त्या खाली बसल्या, ज्ञानोबाराव दारात उभे राहिले, आणि चार मिनिटं माझाच आवाज त्या घरात ऐटीत बोलत राहिला. मी माझ्याच आवाजाचा इतका तिरस्कार कधी केला नव्हता. संपल्यावर मी ते पुसलं. फोटोही पुसला. त्यांनी मोबाईल पदरानं पुसून पुन्हा चौकटीवर ठेवला.

मग जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कैरीचा तक्कू. सर आलेत आणि पोळ्या करायला वेळ झाला नाही म्हणून त्या दोनदा हळहळल्या. पानात काही टाकायची माझी हिंमत झाली नाही. दीडच्या सुमारास खिडकीतला फोन वाजला.

नंबर अनोळखी होता. त्यांनी तो कानाला लावला आणि सगळं घर थांबलं.

"जेवलास का?" त्या म्हणाल्या. "हाव. मी बी जेवले." त्या जेवल्या नव्हत्या. "आंबे उतरविले. तुझे बाबा बरे हायेत. सर आलेत तुझे, नांदेडचे. देऊ का?"

फोन माझ्या हातात आला. मागे वारा वाहत होता, कुणीतरी हाका मारत होतं.

"सर," बालाजी म्हणाला. आवाज दमलेला, पण त्याचाच. "तुमचा आवाज इथं आला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेबांनी सगळ्यांना बसवून ऐकवला. फोटोतल्या आम्हा तिघांना वेगळं बोलावलं. मोबाईल जमा केले. चौकशी आहे सर." मग तो हळूच म्हणाला, "आवाज कुणाचा ते मी सांगितलं नाही."

त्याला कितीतरी सांगायला हवं होतं. माझं नाव सांग, चूक माझी आहे, तू लपवू नको. मनात सगळं तयार होतं. पण समोर त्याची आई बसली होती, भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत.

"जेवलास का?" मी विचारलं.

"हाव सर," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

"काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. फोन आता रोज करता येणार नाही म्हणाला." त्यातलं दुसरं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं होतं, पण ते खरंच निघालं.

नांदेड

निघताना बालाजीच्या आईनं पिशवीभर आंबे दिले आणि माझा नंबर घेतला. "त्याचा फोन आला की मी तुम्हाला मिस कॉल मारीन," त्या म्हणाल्या. "एकदा वाजला की समजा, लेकरू बोललं. उचलू नका."

 नांदेडला पोचल्यावर मी घरी न जाता पोलीस ठाण्यात गेलो. माधवराव बाहेर थांबतील असं वाटलं होतं, तेही आत आले. आवाज माझा, फोटो मी टाकला, मुलाचा दोष नाही, असं लिहून दिलं. माधवरावांनी खाली स्वतःचं लिहिलं. तिथल्या साहेबांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि पुढे पाठवतो म्हणाले. पुढे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. 'बुरुज' बंद केला. लढायांच्या वह्या अजून कपाटात आहेत, फक्त त्या उघडाव्याशा वाटत नाहीत.

आता सीमेवर शांत झालंय म्हणतात. उदगीरच्या चौकातला फलक उतरला असेल, टीव्हीवर दुसरे विषय आलेत. आमच्या गल्लीत परवा विजयाचे फटाके उडाले. माझ्यासाठी काही शांत झालेलं नाही. चौकशीचं काय झालं ते कळत नाही, त्या मुलांना कुठे हलवलं तेही कळत नाही, आणि ते कळू नये यातच भलं आहे हेही कळतं. माझं सगळं ज्ञान आता दुपारच्या त्या एका रिंगेत आलंय. आल्यापासून आठ दिवसांत ती तीनदा वाजली. वाजली की मी पानावर बसतो.

काल वाजली नाही. परवाही नाही. आज पावणेदोन होत आलेत आणि मोबाईल समोर टेबलावर आहे, लोणच्याच्या बरणीशेजारी. बायकोनं आतून विचारलं, "वाढू का?"

"थांब जरा," मी म्हटलं.